खांदा आखडला की पैसे कशावर घालायचे? फोंडा-पणजीत घेतलेल्या उपचारांचा रिव्ह्यू

ऑफिसात, वाड्यावर, देवळातल्या भजनाला, कुठंही जा, पन्नाशीच्या आसपासची एक तरी बाई खांदा धरून बसलेली असतेच, आणि मग मला विचारतात की तू कुठं गेलेलीस, मशीन लावलेलंस की इंजेक्शन घेतलंस, तेलाने फरक पडतो का, किती गेले. प्रत्येकीला वेगवेगळं सांगून आता तोंड दुखायला लागलंय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्लिनिकची नावं देत नाहीये, कारण एकाच क्लिनिकात सकाळची फिजिओ एकदम हुशार आणि संध्याकाळचा नुसता मोबाइल बघणारा असं मी स्वतः बघितलंय, त्यामुळे बोर्डावरच्या नावापेक्षा आत गेल्यावर ते तुमच्या खांद्याला काय करतात ते बघा.

माझी केस सांगते. वय ५२, शुगर आहे, डावा खांदा, फ्रोझन शोल्डर, म्हणजे सांधाच आखडून बसलेला. घरात दुसरी केस माझ्या दिराची, तो वायरमन, डिचोली भागात कामं घेतो, सगळा जन्म शिडीवर हात वर करून गेलेला, त्याचा उजवा खांदा, आणि त्याचं निघालं रोटेटर कफ, म्हणजे खांद्याच्या स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांसारख्या कंडरांचं दुखणं. दोघांचं दुखणं साधारण एकाच काळात चाललेलं त्यामुळे घरात रोज तुलना, त्याला जे लागू पडतंय ते मला का नाही आणि मला जे सांगितलंय ते त्याला का नको, आणि हा सगळा रिव्ह्यू त्या भांडणातूनच तयार झालाय म्हणा.

तर पहिली गोष्ट, उपचार कुठला चांगला हे विचारायच्या आधी खांद्याला झालंय काय ते कळलं पाहिजे. आणि डावा हात, डावा खांदा दुखत असेल, सोबत छातीत दडपण, घाम, धाप असलं काही असेल तर फिजिओ वगैरे सगळं बाजूला, आधी इमर्जन्सीत जाऊन ईसीजी, यात चालढकल नको. माझा ईसीजी काढला तो नॉर्मल, एक्सरे काढला तोही नॉर्मल, आणि सगळे म्हणायला लागले की काही नाहीये तुला. फ्रोझन शोल्डरमध्ये एक्सरे बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, कारण हाडाला काही झालेलंच नसतं, सांध्याभोवतीची पिशवी असते ना, कॅप्सूल म्हणतात ती, ती सुजते, जाड होते आणि आवळत जाते. ते कळतं डॉक्टरने हात हलवून बघितल्यावर. मला हाडांच्या डॉक्टरने कोपर कमरेला चिकटवून ठेवायला सांगितलं आणि फक्त मनगट बाहेरच्या बाजूला ने म्हणाले, दार उघडतो तसं. उजवा हात मस्त बाहेर गेला. डावा जागच्या जागी. मग त्यांनी स्वतः धरून नेऊन बघितला तरी तिथेच अडकला, भिंतीला लागल्यासारखा. तीच खरी खूण, स्वतः हलवा नाहीतर दुसऱ्याने हलवू दे, हात जातच नाही. दिराचं उलटं होतं, त्याचा हात डॉक्टरने धरून वर नेला तर पूर्ण कानापर्यंत गेला, पण स्वतः बाजूने वर उचलायला लागला की साधारण ६० अंशापासून १२० पर्यंतच्या टप्प्यात कळ, त्याच्या वर गेल्यावर पुन्हा कमी. म्हणजे त्याचा सांधा मोकळा होता, हात उचलणाऱ्या स्नायूंची कंडरं दुखावलेली होती. ही तपासणी दोन-तीन मिनिटांची आहे, मशीन लागत नाही. जिथं ही तपासणी न करता थेट "बेडवर झोपा, करंट लावूया" म्हणतात तिथून परत फिरा, माझं स्पष्ट मत.

फ्रोझन शोल्डर हे नाव अमेरिकेतल्या कॉडमन नावाच्या सर्जनने १९३४ साली दिलं आणि त्यानेच लिहून ठेवलंय की याची व्याख्या करणं कठीण आणि उपचार करणंही कठीण. नव्वद वर्षं झाली, फार काही बदललेलं नाही. शुगरवाल्यांना हे जास्त होतं, थायरॉइडवाल्यांनाही, चाळीस ते साठ हे वय, त्यात बायका जास्त. आधी काही महिने नुसतं दुखतं, रात्री तर विचारू नका, त्या कुशीवर वळलं की जीव जातो. मग दुखणं उतरतं पण खांदा कुलूप लावल्यासारखा, आणि मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं जाऊ शकतात. हे वेळापत्रक मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर निम्मा खर्च वाचला असता, कारण तुम्ही कुठल्या टप्प्यात आहात त्यावर कुठला उपचार लागू पडणार ते ठरतं.

आता मशीनवालं क्लिनिक. फोंड्यात, घराजवळ, पार्किंग आहे, एसी आहे, एका सेशनचे चारशेच्या आसपास आणि दहाचं पॅकेज घेतलं तर थोडे कमी. पडदे लावलेले छोटे छोटे कप्पे, तुम्हाला खुर्चीत बसवतात, खांद्याला पुढून मागून चार रबरी वाट्या ओल्या स्पंजसकट लावतात, त्या व्हॅक्युमने चुटकन चिकटतात, आणि मग मुंग्या धावल्यासारखा करंट सुरू होतो. ही आयएफटी, म्हणजे इंटरफेरेन्शियल थेरपी. फिजिओ म्हणते "सोसेल तितका वाढवते हं काकी" आणि बटण फिरवून निघून जाते, पंधरा मिनिटं तुम्ही आणि तो गुणगुणणारा डबा. मग अल्ट्रासाउंड, म्हणजे पोटाचा करतात तो नव्हे, हा उपचाराचा, गार जेल लावून एक धातूचं डोकं खांद्यावर गोल गोल फिरवत राहतात पाच-सात मिनिटं. मग हॉट पॅक. शेवटी भिंतीवरची बोटांनी चढायची लाकडी शिडी आणि ते मोठं चाक फिरवायचं, तेही "पाच मिनिटं करा आणि जा" असं लांबून सांगून.

बरं वाटतं का? वाटतं. खोटं कशाला सांगू. बाहेर पडताना खांदा हलका, स्कूटर चालवताना पण दुखत नाही, आणि घरी जाऊन आदोळीवर बसून नारळ खोवायला घेतला की परत पहिल्यासारखं. करंटने दुखणं कमी का वाटतं त्याची थिअरी जुनी आहे, मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलेली, की स्पर्शाचे, झिणझिण्यांचे सिग्नल मज्जारज्जूत दुखण्याच्या सिग्नलची वाट अडवतात. वाट अडवली म्हणजे पिशवी सैल झाली असं नाही ना. मी नंतर वाचायला घेतलं तर कॉक्रेन नावाच्या संस्थेने सगळीकडचे अभ्यास एकत्र करून काढलेले अहवाल मिळाले, त्यात या मशीनच्या बाजूने पुरावा फार पातळ आहे, लेसरचा थोडाफार, तोही थोड्या काळापुरता, बाकी अल्ट्रासाउंड वगैरे लावला काय न लावला काय असाच मामला. दुखणं जोरात असताना व्यायाम करता यावा म्हणून आधी दहा मिनिटं करंट, याला माझी हरकत नाही. पण चाळीस मिनिटांतली पस्तीस मिनिटं मशीन आणि पाच मिनिटं व्यायाम असेल तर तुम्ही भाडं देताय, उपचार घेत नाही. आणखी एक, शुगरवाल्यांनी हॉट पॅकखाली टॉवेल जाड घ्या, आपल्याला चटका उशिरा कळतो. पेसमेकर असेल किंवा अंगात कुठं रॉड-प्लेट असेल तर ते आतून उष्णता देणारं शॉर्टवेव्ह डायथर्मीचं मशीन लावायच्या आधी सांगा, विचारायची वाट बघू नका.

मार्क द्यायचे तर दहापैकी चार. त्यातले दोन एसीचे.

सरकारी इस्पितळातली फिजिओ. इथं लोक नाक मुरडतात पण मला सगळ्यात पहिलं नीट उत्तर तिथंच मिळालं. पैसे नावापुरते, गर्दी भरपूर, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, मग ओपीडी, मग फिजिओच्या खोलीबाहेर बाकावर. ऑफिस असेल तर आठवड्यातून दोनदासुद्धा जमवणं कठीण, कदंबच्या बसने जाऊन येईपर्यंत अर्धा दिवस जातो, आणि बसमध्ये वरचा दांडा कुठल्या हाताने धरायचा हा वेगळाच प्रश्न. पण तिथल्या फिजिओबाईंना वेळ नव्हता म्हणूनच असेल, त्यांनी मशीनचा फापटपसारा केला नाही, एका कागदावर पाच व्यायाम चित्रं काढून दिले, माझ्याकडून समोर करून घेतले, म्हणाल्या हे घरी रोज, आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या. बस्स. त्या दिवशी मला राग आलेला की एवढ्यासाठी एवढी वाट बघितली. आता वाटतं तेच सगळ्यात बरोबर होतं. ब्रिटनमध्ये एक मोठा अभ्यास झालाय, ग्रास्प नावाचा, २०२१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, रोटेटर कफवाल्या ७०८ लोकांवर. अर्ध्यांना फिजिओबरोबर सहा सेशनपर्यंत वाढत जाणारे व्यायाम, अर्ध्यांना एकदाच बसवून नीट समजावून व्यायाम शिकवून घरी पाठवलं. वर्षाने दोन्हीकडे फरक नाही. दिराला मी हे वाचून दाखवलं तर म्हणतो "म्हणजे वैनी, दहाचं पॅकेज कोणाच्या खांद्यासाठी होतं?"

सहज जाता येत असेल, सुट्टी मिळत असेल, तर सुरुवात सरकारीत करा. आठ मार्क. दोन मार्क बाकावरच्या वेळेचे कापले.

आता हातवाली फिजिओ, म्हणजे मॅन्युअल थेरपी करणारी. ही मला पणजीत मिळाली, फोंड्याहून तीसेक किलोमीटर, एका सेशनचे मशीनवाल्यापेक्षा बरेच जास्त, आणि तिच्याकडे मशीन जवळजवळ नाहीच. एक पलंग, एक आरसा, भिंतीला रबरी पट्टे लटकवलेले. पहिल्या दिवशी अर्धा तास नुसते प्रश्न आणि माप. गोनियोमीटर नावाची प्लॅस्टिकची कंपासपेटीतल्यासारखी दोन पट्ट्यांची वस्तू असते, ती खांद्याला लावून किती अंश वर जातो, किती बाहेर, सगळं वहीत लिहिलं. पाठीमागे अंगठा कुठल्या मणक्यापर्यंत पोचतो तेही. माझा अंगठा कमरेच्या खाली, ब्लाउजच्या हुकांचं तर नावच नको. मग विचारलं, "काकी, तुम्हाला या हाताने काय करता यायला हवंय?" मी म्हटलं चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायची असते, आमच्याकडे ती मीच बांधते, सुपारीची शिपटी, तोरिंजनं, रानातली फळं, सगळं वर हात करून गाठी मारायच्या. तिने ते वहीत लिहून घेतलं, गोल, म्हणजे ध्येय : माटोळी. मला हसू आलं पण तिने पुढचे सगळे व्यायाम खरोखर त्याच हिशोबाने बसवले, हात डोक्यावर नेऊन तिथे थोडा वेळ टिकवायचा, बोटांनी काम करायचं.

हाताने ती करते काय तर मला उताणं झोपवून एक हात काखेत आणि एक हात दंडाच्या वरच्या टोकाला, आणि दंडाचं हाड खांद्याच्या वाटीत अगदी बारीक बारीक मागे ढकलते, सोडते, ढकलते, सोडते. लांबून बघणाऱ्याला वाटेल काहीच चाललेलं नाही. याला मोबिलायझेशन म्हणतात, मेटलंड नावाच्या ऑस्ट्रेलियन फिजिओने त्याच्या पायऱ्या ठरवून दिल्यात, पहिल्या दोन दुखणं शांत करायला, पुढच्या दोन आखडलेलं ताणायला. ती सारखी विचारत राहते, आता किती दुखतंय दहापैकी, तीनच्या वर गेलं की पायरी उतरते. आणि मग लगेच उठवून, जेवढी जागा मिळाली त्या जागेत माझ्याकडून हात हलवून घेते, पुन्हा मापते. हे मापणं मला फार आवडलं. प्रगती दिसते, आणि एखादा आठवडा प्रगती नसेल तर तेही दिसतं, थापा मारता येत नाहीत.

ह्याच्या उलट अनुभव एका दुसऱ्या ठिकाणी, कोणी तरी "एकदम रिझल्ट देतो" म्हणून पाठवलेलं. तिथल्या माणसाने पहिल्याच दिवशी हात धरून जोराने वर नेला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, मी ओरडले तर म्हणे दुखल्याशिवाय सुटत नाही. त्या रात्री झोप नाही, पुढचे कितीतरी दिवस होता तेवढाही हात हलेना. हे "दुखल्याशिवाय सुटत नाही" आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, घरची म्हातारी माणसंसुद्धा तेच म्हणतात. पण नेदरलँड्समध्ये डियर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी ७७ रुग्णांवर केलेला अभ्यास २००४ साली छापून आला, एका गटाला दुखण्याच्या पलीकडे ताणून जोरदार फिजिओ, दुसऱ्याला नुसतं समजावून, दुखेल तिथपर्यंतच हलवा, कामं चालू ठेवा. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातले ८९ टक्के लोक जवळजवळ नॉर्मल, जोरदारवाल्यांतले ६३. सुरुवातीच्या दुखऱ्या टप्प्यात कोणी ओढाताण करायला लागला तर बिनधास्त "नको" म्हणा, पैसे दिले म्हणून सोसायचं नसतं.

हातवालीला नऊ. दहावा मार्क पणजीत गाडी लावायच्या त्रासात गेला, त्यात तिची काही चूक नाही.

तेल. हे लिहिलं नाही तर सासूबाई बोलणार नाहीत माझ्याशी. आयुर्वेदात याला अवबाहुक म्हणतात, म्हणजे हे दुखणं काही आजचं नाही. मी रीतसर आयुर्वेदाच्या डॉक्टरकडे गेले, कळंगुटच्या बाजूला टुरिस्टांसाठी पाट्या लावलेल्या असतात त्या मसाजला नव्हे, तो वेगळा धंदा. अभ्यंग, मग पत्रपोट्टली, म्हणजे पाला तेलात परतून त्याची पुरचुंडी बांधून गरम गरम खांद्यावर शेकायची, आणि नस्य, म्हणजे नाकात औषधी तेलाचे थेंब. सुख आहे हो. पावसाळ्यात तर असं वाटतं उठूच नये. रात्रीची झोप त्या काळात खरंच सुधारली, आणि झोप मिळाली की दुसऱ्या दिवशी व्यायाम करायला जीव राहतो, एवढं श्रेय मी देईन. पण पणजीवाल्या मुलीने मापलं तर अंश तेवढेच. म्हणजे शेक, तेल हे सोबतीला ठेवा, त्यावर सगळं सोडून देऊ नका. पॅकेज महाग आहे, आठवड्याचं घेतलं तर फिजिओच्या महिन्याएवढं जातं. घरी महानारायण तेल चोळून गरम पाण्याची पिशवी धरली तरी बरंचसं काम होतं, सासूबाईंनी हे वाक्य वाचू नये.

टेप, कपिंग, सुया यावर जास्त लिहीत नाही. रंगीत टेप जपानच्या केन्झो कासे यांनी सत्तरच्या दशकात काढली, ऑलिंपिकमधल्या खेळाडूंच्या अंगावर दिसायला लागली आणि आता पर्वरीपासून मडगावपर्यंत सगळीकडे. मला लावली, दोन दिवस खांदा जरा सावरल्यासारखा वाटला, आपल्याकडच्या घामात तिसऱ्या दिवशी कडा सुटल्या आणि खाज. कपिंग, म्हणजे वाट्या चिकटवून कातडी ओढतात ते, त्याचे गोल डाग आठवडाभर घेऊन फिरले, लग्नाला बंद गळ्याचा ब्लाउज घालायला लागला. ड्राय नीडलिंग दिराने केलं, मानेकडच्या आवळलेल्या गाठी मोकळ्या झाल्या म्हणतो, एकदोन दिवस. यावर वेगळे पैसे मागत असतील तर मी देणार नाही.

इंजेक्शनबद्दल मात्र सविस्तर, कारण भीती सगळ्यात जास्त त्याचीच. हाडांच्या डॉक्टरने सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तेव्हा मी घाबरले होते, हाडं ठिसूळ होतात, एकदा घेतलं की घेतच राहावं लागतं, काय काय ऐकलेलं. खरं म्हणजे सुरुवातीच्या दुखऱ्या टप्प्यात हे चांगलं काम करतं, सूज उतरते, रात्र बरी जाते, आणि त्या मिळालेल्या आठवड्यांत व्यायाम पुढे नेता येतो. पण एकट्याच्या जिवावर टिकत नाही, ग्रास्प कफवाल्यांवरचा असला तरी त्यात दोन्हीकडच्या निम्म्यांना आधी इंजेक्शनही दिलेलं, त्यांना आठ आठवड्यांपर्यंत जास्त आराम, वर्षाने सगळे सारखे. शुगरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, इंजेक्शननंतर काही दिवस शुगर चढते, माझीही चढलेली, ग्लुकोमीटर घरात ठेवा आणि शुगरच्या डॉक्टरला आधी कळवा, हाडांचे डॉक्टर नेहमी आठवण करतीलच असं नाही. मी घेतलं आणि घेतलं ते बरं केलं. फक्त इंजेक्शन देऊन "आता आराम करा" म्हणणारा डॉक्टर भेटला तर फिजिओची चिठ्ठी मागून घ्या.

ऑपरेशनचं पण कोणी कोणी सांगतं, भूल देऊन खांदा सोडवणं किंवा दुर्बिणीतून पिशवी कापणं. ब्रिटनचाच फ्रॉस्ट अभ्यास, २०२०, ५०३ रुग्ण, हे दोन्ही ऑपरेशनचे प्रकार आणि तिसरा गट नीट आखलेली फिजिओ आणि इंजेक्शन. तिन्ही गट सुधारले, कुठलाच दुसऱ्यापेक्षा ठळक चांगला निघाला नाही. महिनोन्महिने नीट व्यायाम करूनही हात जागचा हलत नसेल तर ती वेळ येते, हे खरं, पण पहिल्याच भेटीत तारीख द्यायला लागले तर दुसरं मत घ्या.

दिराला तर एकाने सरळ सांगितलेलं की खांद्याचं हाड कंडरावर घासतंय, थोडं तासून काढूया. त्या ऑपरेशनवरही अभ्यास आहे, सीसॉ, २०१८ चा लॅन्सेट, त्यात काही जणांचं खरं ऑपरेशन आणि काही जणांच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून काही न तासता शिवून टाकलं, फरक कोणाला सांगता आला नाही. पूर्ण फाटलेल्या कंडराची गोष्ट वेगळी, पडून अपघाताने अचानक हात उचलताच येईना झाला तर वेळ घालवू नका. पण त्याची तशी नव्हती. त्याला पणजीवालीनेच घेतलं हाताखाली, आणि त्याचा प्रोग्राम माझ्यापेक्षा पूर्ण वेगळा, ताणायचं जवळजवळ काही नाही, सगळं ताकदीचं. आधी भिंतीला हात दाबून नुसता जोर लावायचा, हात हलवायचा नाही. मग पिवळा रबरी पट्टा, मग लाल, मग हिरवा, प्रत्येक रंग आधीच्यापेक्षा कडक. खांद्याच्या पाठीमागचा त्रिकोणी फरा असतो तो मागे-खाली धरून ठेवायचा सराव. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, शिडी. तिने त्याला विचारलं काम करताना हात कुठं असतात, हा म्हणाला डोक्याच्या वर, ती म्हणाली मग शिडीची एक पायरी आणखी चढ, म्हणजे हात खांद्याच्या खाली राहतील. शिडी उंच घ्यावी लागली. एवढंच. सगळ्या करंटांपेक्षा त्या एका पायरीने जास्त फरक पडला असं तो स्वतः म्हणतो, आणि वायरमनने करंटबद्दल बोललेलं मी मानते.

घरी काय लागतं तर फार नाही. दारावर अडकवायची पुली मिळते, दोरी आणि दोन मुठी, मेडिकल सप्लायच्या दुकानात किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत, चांगल्या हाताने ओढून आखडलेला वर न्यायचा. झाडूची काठी, दोन्ही हातात धरून उताणं झोपून बाहेरच्या बाजूला ढकलायची. टॉवेल पाठीमागून तिरका धरून ओढायचा. भिंतीवर बोटांनी चढायचं आणि पोचलो तिथं पेन्सिलने खूण, आमच्या हॉलच्या भिंतीवर अजून आहे ती रेघांची रांग, रंग काढायला नवरा दोनदा निघाला, मी काढू दिला नाही. आणि दुखऱ्या टप्प्यात त्या कॉडमनचाच झुलता व्यायाम, टेबलाला चांगला हात टेकून वाकायचं आणि दुखरा हात सैल सोडून अंगाच्या हेलकाव्याने झुलू द्यायचा, हाताने झुलवायचा नाही, इथं सगळे चुकतात. रात्री उशी हाताखाली, म्हणजे खांदा मागे पडत नाही. रोज थोडं थोडं दोन-तीनदा, रविवारी एकदम तासभर करून उपयोग नाही, उलट सोमवारी हात सुजल्यासारखा.

युट्यूबवर बघून करू का असं पुष्कळ जणी विचारतात. फ्रोझन शोल्डर हे डॉक्टरने तपासून सांगितलं असेल तर करा, व्हिडिओत वाईट काही नाही, पण रोटेटर कफचे पट्ट्याचे व्यायाम फ्रोझनवाल्याने आणि फ्रोझनचं ताणणं कफवाल्याने केलं तर महिना फुकट. मान दुखून हातात मुंग्या, बोटं बधिर असं असेल तर तो खांदाच नसतो कधी कधी, ते मानेचं. आणि घरी येणारी फिजिओ, तिचे जास्त पडतात, म्हाताऱ्या माणसांसाठी किंवा स्ट्रोकनंतरच्या खांद्यासाठी ठीक, चालत्याफिरत्या माणसाने मागवू नये असं माझं मत, घरी ती आली की शेजारीण चहाला येते आणि व्यायाम राहतो.

क्लिनिकमध्ये फोन करताना मी आता एवढंच विचारते, पहिल्या दिवशी मापता का, आणि घरी करायचं लिहून देता का. "मॅडम, आमच्याकडे लेटेस्ट मशीन आहेत" असं उत्तर आलं की थँक्यू म्हणून ठेवते. पॅकेजचे पैसे आधी पूर्ण भरू नका, दोन सेशन करून बघा, एकच माणूस दर वेळी हाताळणार का तेही विचारा.

माझा हात आता वर जवळजवळ पूर्ण जातो, मागे अजून थोडा कमी, हुक पुढे लावून ब्लाउज फिरवून घेते. शुगर आवाक्यात ठेवायला सांगितलंय कारण काही जणांचा काही काळाने दुसराही खांदा धरतो, त्याच खांद्याला परत होणं मात्र क्वचित. पुली दारावरून काढून कपाटात ठेवली होती, ती आता दिराच्या शेजाऱ्याकडे आहे, पाडेली आहे तो, माडावर चढतो, त्याचा कुठला खांदा आणि काय झालंय ते अजून तपासलेलं नाही, पण तो म्हणे आधी करंट लावून बघतो.